डावीकडचा तानपुरा

एप्रिल लागला की सोलापुरात दुपारी एकनंतर रस्त्यावर माणूस दिसत नाही. दुकानांची शटरं अर्ध्यावर येतात. कुत्री गटाराच्या कडेला ओल शोधून पडतात. आमच्या गल्लीत दोनच आवाज उरतात, घराघरातल्या कूलरची घरघर आणि पलीकडच्या शेडमधल्या यंत्रमागांची खटखट. मी शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे या दिवसांत माझ्यासमोर नववीचे पेपर असतात. गेल्या आठवड्यातही होते. एका बाजूला तपासलेला गठ्ठा, दुसऱ्या बाजूला न तपासलेला, आणि मध्ये एक काळा चौकोनी डबा. त्यात इयरफोनची जोडी होती. पुण्याच्या एका दुकानदारानं ती आठ दिवस ऐकून बघायला पाठवली होती. आवडली तर ठेवायची, नाही तर रविवारी परत.

दुकानदार माझ्या ओळखीचा नाही, अल्ताफच्या आहे. अल्ताफ आणि मी पाचवीपासून एका बाकावरचे. त्याचं गाड्यांना म्युझिक सिस्टीम बसवून देण्याचं दुकान आहे. दिवसभर तो लोकांच्या डिकीत भलेमोठे स्पीकर ठोकून बसवतो आणि स्वतः मात्र नखाएवढ्या इयरफोनमधून ऐकतो. हा नाद मला त्यानंच लावला. चांगला इयरफोन म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगणं अवघड आहे. लोक किंमत ऐकतात आणि तिथंच थांबतात. माझी बायको पद्मा सुरुवातीला म्हणाली होती, "एवढ्यात जुनी स्कूटर आली असती की हो." खरं होतं. पण स्कूटरवरून तानपुरा ऐकू येत नाही.

तानपुऱ्याचं सांगायलाच हवं. माझ्याकडे एका गायिकेचं यमनचं जुनं रेकॉर्डिंग आहे. बाई मध्यभागी गातात. मागं दोन तानपुरे आहेत, एक डाव्या कानात, एक उजव्या. साध्या इयरफोनमध्ये दोघांचं मिळून एक गुंजन होतं. सात वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा भारी जोडी घेतली, कानात घातली, आणि ते दोन तानपुरे वेगळे झाले. डावीकडं वाजवणारा किंचित सावकाश तारा छेडतो, हेसुद्धा कळलं. त्याच्या तारेची ती चमकती झणझण, जिला गाणारे लोक जवारी म्हणतात, कानाच्या अगदी जवळ उलगडत जायची. सोलापुरात जवारी म्हटलं की सगळ्यांना धान्यच आठवतं. अल्ताफला हा शब्द सांगितला तेव्हा तो म्हणाला, "मतलब भाकरी का राग." तेव्हापासून आम्ही दोघं यमनला भाकरीचा राग म्हणतो.

मागच्या वर्षीही एप्रिलच होता, असेच पेपर होते. एका सकाळी मी इयरफोन घातले आणि डावा तानपुरा गेला होता.

पूर्ण गेला नव्हता. भिंतीपलीकडं कुणी गोधडी पांघरून वाजवतंय, असं काहीतरी येत होतं. मला वाटलं, जाळीत मळ अडकला. बारीक ब्रशनं जाळी साफ केली. दुसऱ्या दिवशी रबरी टोप्या बदलल्या. तिसऱ्या दिवशी वायर बदलली, कारण माझ्याकडे जादा वायर होती आणि ती वापरायला निमित्त मिळालं म्हणून जरा बरंही वाटलं. कान थोडा दडपल्यासारखा होता आणि लांबून कुकरची शिट्टी वाजावी तसा आवाज त्यात सतत होता. पण उन्हाळ्यात असं काहीबाही होतं, असं मी धरून चाललो. मला काळजी वस्तूची होती.

चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर अल्ताफकडे गेलो. म्हटलं, डावा पीस खराब झालाय, दुरुस्तीला पाठव. त्यानं दोन्ही स्वतःच्या कानात घातले, डोळे मिटले, मिनिटभर ऐकलं. मग काढून माझ्या हातात दिले, पण उलटे.

"उजवा डाव्या कानात घाल. डावा उजव्या में."

घातले. बिघडलेला पीस उजव्या कानात लख्ख वाजत होता. चांगला पीस डाव्या कानात गोधडीखाली गेला होता.

अल्ताफ माझ्या तोंडाकडे बघत होता. हळूच म्हणाला, "सीनू, बाजा ठीक है. कान दिखा."

त्याच संध्याकाळी कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी कपाळावर एक दोनबोटी लोखंडी काटा वाजवून टेकवला आणि विचारलं, आवाज कुठल्या बाजूला जातो. मी म्हटलं, उजव्या. त्यांनी काटा खाली ठेवला.

"कधीपासून आहे?"

"चार दिवस झाले."

"चार दिवस काय करत होतात?"

"इयरफोन साफ करत होतो."

त्या हसल्या नाहीत. कानाची नस अशी अचानक बसते, त्याचं कारण बहुतेकांच्या बाबतीत सापडत नाही, आणि पहिले काही दिवस महत्त्वाचे असतात, असं त्यांनी सरळ सांगितलं. गोळ्या सुरू केल्या. नंतर पडद्यातून कानात इंजेक्शनंही घ्यावी लागली. एका कुशीवर पडून राहायचं, गिळायचं नाही, बोलायचं नाही. त्या अर्ध्या अर्ध्या तासांत मी त्या चार दिवसांचा हिशेब मांडत असे. गणिताच्या माणसाला हे चांगलं जमतं.

एक कान गेल्यावर अर्धं ऐकू येतं, असा माझा समज होता. तसं नसतं. ऐकू बरंच येतं, पण ते कुठून येतंय हे कळत नाही. गल्लीतले माग मी तोंड जिकडं वळवीन तिकडून उजवीकडंच वाजायचे. रिक्षाचा हॉर्न ऐकून मी नेमका रिक्षाच्या बाजूला सरकायचो. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. पाणी यायच्या आधी नळ सूं सूं करतो, त्या आवाजावर सगळी गल्ली उठते. एके दिवशी घरात मी एकटा होतो, नळ डाव्या हाताला होता, आणि मी पेपर तपासत बसलो. शेजारच्या काकूंनी येऊन दार वाजवलं तेव्हा पाणी गेलं होतं. पद्मा आल्यावर घागर घेऊन काकूंकडे पाणी मागायला गेली. ते मला फार लागलं.

शाळेत तर फजितीच झाली. परीक्षेला माझी सुपरव्हिजन होती. मी टेबलाशी बसलो होतो. वर्ग असा शांत की मला कौतुक वाटलं. या वर्षीची पोरं गुणाची निघाली, असं मनात म्हणतोय तोवर मुख्याध्यापिका मॅडम दारात आल्या. आत येऊन माझ्या उजव्या बाजूला वाकून म्हणाल्या, "सर, डावीकडचा अख्खा कोपरा उत्तरं सांगतोय एकमेकांना." मी वळून बघितलं. वीस-बावीस पोरांनी एकदम माना खाली घातल्या.  मॅडमना कानाचं सांगायला मला दोन दिवस लागले. आणि सांगताना असा चाचरलो, जणू मीच कॉपी केली होती.

घरात मात्र सांगावं लागलं नाही. माझ्या वडिलांना न सांगता कळलं.

आमच्या तेलुगू घरात वडिलांना नायना म्हणतात. नायना यंत्रमागाच्या शेडमध्ये जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. तीस वर्षं त्या खटखटीत उभं राहून त्यांचे दोन्ही कान गेले. अचानक नाही, थोडे थोडे. घरी आले की टीव्ही लावायचे आणि आवाज वाढवत न्यायचे. आमच्या दोन खोल्यांत त्या टीव्हीपासून पळायला जागा नव्हती. मी कॉलेजात असताना पहिला इयरफोन घेतला तो गाण्यासाठी नव्हे, नायनांचा टीव्ही ऐकू येऊ नये म्हणून. हे मी अल्ताफलाही कधी सांगितलेलं नाही. पुढं त्यातून गाणं लागलं, ही गोष्ट निराळी.

तर मागच्या एप्रिलात आम्ही जेवायला बसलो होतो. पद्मानं डावीकडून काहीतरी विचारलं आणि मी मान पूर्ण वळवली. नायनांनी भाकरीचा तुकडा शेंगाचटणीत तसाच धरून ठेवला.

"कुठला?" त्यांनी विचारलं.

मी डाव्या कानाला हात लावला.

ते उठले. स्वतःचं ताट उचलून माझ्या डाव्या बाजूला आले आणि पद्माला म्हणाले, "तू त्याच्या उजवीकडं बस. इकडं मी बसतो. मला कुठं काय सांगायचं असतं."

पुढचे कितीतरी दिवस नायनांनी मला बहिरेपण शिकवलं. शिकवलं असंच म्हणतो, कारण त्यांना ते पक्कं येत होतं. ते माझ्याशी तेलुगूत बोलतात, पण शेडमधल्या गोष्टी निघाल्या की मराठीवर येतात. हॉटेलात भिंतीला पाठ लावून बस. बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडेल अशी खुर्ची धर. गर्दीत शब्द धरू नको, ओठ धर. रस्ता ओलांडताना कानावर जाऊ नको, डोळ्यानं बघ. एका दुपारी मी त्यांना टरबुजाच्या फोडी देत होतो, तेव्हा म्हणाले, "आनि एक. ऐकू न्हाय आलं तर व्हय म्हनू नको."

"का?"

"मी लई म्हटलं. सायबाला म्हटलं, पाव्हन्याला म्हटलं. तुझी आई संध्याकाळी काय काय सांगायची. मी व्हय, व्हय करायचो. मग तिनं सांगायचंच सोडलं."

आई जाऊन नऊ वर्षं झाली. त्या दोघांमध्ये बोलणं नसायचं, याला मी लहानपणापासून स्वभाव समजत आलो होतो. त्या दुपारी टरबूज तसंच राहिलं. नायनांनी बिया एका बाजूला गोळा केल्या आणि कूलरमध्ये पाणी घालायला उठले.

तिसऱ्या आठवड्यात कान थोडा परतला. मी दुपारी उजव्या कुशीवर पडलो होतो. तोवर चांगला कान उशीत गेला की सगळं बंद व्हायचं. त्या दिवशी बंद झालं नाही. खूप खोलातून खट, खट, खट येत होतं. मी हललो नाही. हललो तर जाईल असं वाटलं. मग उठून बसलो. नायना समोरच्या खाटेवर होते.

"माग ऐकू आले," मी ओरडून सांगितलं.

"कुठल्या शेडचे?" जॉबरनं विचारलं.

जाड आवाज परत आले. मागांचे, कूलरचे, पुरुषांच्या बोलण्याचे. बारीक, धारदार आवाज आले नाहीत. कागदाची सळसळ, चिमणी, नळाची सूं सूं, आणि तानपुऱ्याची जवारी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जेवढं आलं त्यात समाधान माना, वर्षानं पुन्हा तपासू. ते वर्ष या एप्रिलात भरलं.

आता काळ्या डब्याकडे येतो. वर्षभर मी जुनाच इयरफोन वापरत होतो आणि वर्षभर तो मला आवडत नव्हता. कुठलंही गाणं लावलं की पहिल्या मिनिटाला मी डावीकडं काय येत नाहीये ते शोधायचो. यमन तर मी ऐकतच नव्हतो, तपासत होतो. पेपर तपासावा तसा, चुका शोधत. हळूहळू मनानं एक सोयीचं उत्तर काढलं, की सात वर्षांचा जुना इयरफोन आहे, त्याचाही आवाज मंदावला असणार. अल्ताफनं नव्या जोडीचं नाव काढलं तेव्हा मी एका क्षणात हो म्हटलं. त्या जोडीची ख्यातीच वरच्या बारीक स्वरांसाठी आहे.

सोमवारी डबा आला. सांगायलाच हवं की वस्तू फार चांगली आहे. गाणाऱ्या बाईंचा श्वास कुठं सुटतो, तबलजीचं बोट शाईवर कुठं पडतं, सगळं स्वच्छ. दोन दिवस मी खूष होतो. या इयरफोनमधून मी दोन कानांनी कधीच काही ऐकलं नव्हतं, त्यामुळे काय कमी आहे हे मला माहीतच नव्हतं. जे येत होतं तेच पूर्ण होतं. बुधवारी मी यमन लावला, आणि एका मिनिटात पुन्हा तपासायला लागलो.

त्या दिवशी मी एक गोष्ट केली. दुकानदारानं डब्यासोबत त्या इयरफोनचा आलेख पाठवला होता. जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत एक रेघ, शेवटी वर चढत गेलेली. माझ्या फाईलमध्ये मागच्या वर्षीचा माझ्या कानाचा आलेख आहे. दोन्ही शेजारी ठेवले. जिथून इयरफोनची रेघ वर चढते, तिथूनच माझ्या डाव्या कानाची खाली उतरते. दहावीच्या पोरानंही उत्तर सांगितलं असतं. मी मात्र दोन्ही कागद पालथे घातले आणि पेपर ओढले.

पद्मा चहा घेऊन आली होती. तिनं कागद सरळ केले, बघितले.

"तुमची तपासणी कधी आहे?"

"बघू. परीक्षा संपल्या की."

"तुम्ही भिताय होय?"

मी म्हटलं, "हो." ते ऐकू न आल्याचं हो नव्हतं.

भीती कशाची, तेही तिला सांगितलं. उरलेलंही कमी झालं असेल तर. उजवाही उतरायला लागला असेल तर. नवा इयरफोन घेतला असता तर ही तपासणी आणखी वर्षभर टळली असती, कारण नव्या वस्तूला सवय व्हायला वेळ लागतो, असं मी स्वतःला सांगितलं असतं. पद्मा म्हणाली, "आधी कान बघून या. मग ती वस्तू ठेवा की फेका, मी एक शब्द बोलणार नाही."

शुक्रवारी गेलो. तपासणीची खोली म्हणजे कपाटाएवढी पेटी, आतून जाड स्पंज लावलेला. बाहेर काचेपलीकडं तपासणाऱ्या ताई बसतात. आवाज आला की बटण दाबायचं, एवढंच काम. दार लागलं की सोलापूर नाहीसं होतं. माग नाहीत, कूलर नाही, हॉर्न नाही. आधी उजवा कान. बारीक बारीक पिंग येत होते, मी दाबत होतो. मग डावा. सुरुवातीला जाड सूर, ते आले. मग वरचे. मग काही नाही. काचेपलीकडं ताईंचा हात हलताना दिसत होता, म्हणजे त्या आवाज देत होत्या. वाटलं, अंदाजानं दाबावं. कुणाला कळणार होतं? बटणावर अंगठा ठेवून मी बसून राहिलो. दाबलं नाही. खूप वेळानं एक अगदी मोठा सूर आला, तेव्हा दाबलं.

डॉक्टरीणबाईंनी जुना आणि नवा कागद एकावर एक धरून उजेडासमोर केले. "डावा आहे तिथंच आहे. वाढलं नाही, उतरलं नाही. आता बहुधा असाच राहील. उजवा चांगला आहे. इयरफोन लावता ना अजून? आवाज कमी ठेवा."

घरी आलो तेव्हा नायना दाराशी बसले होते. हातानंच विचारलं, काय? मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो, तोंडावर उजेड येईल असा, आणि सांगितलं, "आहे तेवढंच आहे. कमी झालं नाही."

"वाढलं?"

"नाही. आणि वाढणारही नाही."

त्यांनी मान हलवली. "मग बसंल घडी," म्हणाले.

मी आत गेलो. जुनी जोडी काढली आणि यमन लावला. बाई गायला लागल्या. उजवा तानपुरा लख्ख होता. डावीकडं नुसतं लाकूड घुमत होतं. ते तसंच असणार होतं, त्यात तपासायचं काही उरलं नव्हतं, म्हणून मी बाईंकडे लक्ष दिलं. वर्षभरात पहिल्यांदा ते रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकलं. विलंबित संपलं, द्रुत संपलं, टाळ्या वाजल्या. मग नवी जोडी घालून पुन्हा ऐकलं. नवी जास्त चांगली वाजली. तरी मला ती नको होती. का, ते मी कितीतरी वेळ नीट मांडून बघितलं. मला त्या डब्यातून मागच्या वर्षीच्या मार्चमधला कान हवा होता. तो कुणी विकत नाही, हे कळल्यावर उरला तो नुसता एक चांगला इयरफोन, आणि चांगला इयरफोन माझ्याकडे आहेच.

रविवारी दुपारी चारला डबा घेऊन अल्ताफकडे गेलो. ऊन अजून उतरलं नव्हतं. शटर अर्धं खाली होतं, वाकून आत गेलो. तो एका स्पीकरच्या वायरी सोलत होता. डबा काउंटरवर ठेवला.

"नक्को?" त्यानं विचारलं.

"नको."

"कायकू? आवाज पसंद नै आया?"

"आवाज एक नंबर आहे."

त्यानं वायर खाली ठेवली. माझ्या डाव्या कानाकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. मागच्या वर्षापासून तो असंच करतो. "यार, कान की वजह से मत छोड," तो म्हणाला. "जितना सुनताय उतना तो सुन. मैं पूनावाले कू बोलके और आठ दिन रखवाताऊं."

"कानामुळं नाही रे. परवा जुन्यावर भाकरीचा राग ऐकला. पूर्ण."

"पूर्ण?" वर्षभर मी तो लावून बंद करतोय, हे त्याला ठाऊक होतं. "फिर? कैसा था?"

"ऐकू येतोय की," मी म्हटलं.

 अल्ताफनं पाय लांब करून एक स्टूल माझ्याकडे सरकवलं, डबा काउंटरखाली ठेवला आणि शेजारच्या टपरीवाल्याला हाक मारून दोन चहा सांगितले.